जोडाच्या पोटातला ताण

आमच्या लेखाचा विषय या स्मरणिकेच्या वाचकांना काहीसा परका वाटेल, याची आम्हांला जाणीव आहे. स्मरणिकेत शाळेच्या आठवणी असाव्यात, गुरुजनांविषयीची कृतज्ञता असावी, हे खरेच. परंतु संपादक मंडळाने "तुम्ही जे काम करता त्याविषयी लिहा" अशी सूचना केली. आणि आमचे काम आहे टायटॅनियमच्या मिश्रधातूंचे वेल्डिंग व त्यानंतर त्या जोडांवर करावयाचे उष्णता संस्करण. कारखान्यात त्याला सारेच हीट ट्रीटमेंट म्हणतात.

आम्ही दोघे या शाळेच्या एकाच वर्गात शिकलो आणि वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलो. एक जळगाव जिल्ह्यातल्या तापीकाठचा, दुसरा धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याचा. एकाने जळगावच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वेल्डरचा अभ्यासक्रम पूर्ण केला, दुसऱ्याने धुळ्याच्या संस्थेतून फिटरचा. आज एकजण जोड लावतो आणि दुसरा तो जोड भट्टीत घालतो. म्हणून हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे.

वेल्डिंग म्हणजे दोन तुकडे वितळवून एक करणे, एवढे सर्वांना ठाऊक असते. ठिणग्या उडतात, प्रकाश डोळे दिपवतो, मग तुकडे जुळतात आणि काम झाले असे पाहणाऱ्याला वाटते. त्या क्षणी जोडाच्या पोटात काय चाललेले असते, हे समजण्यासाठी आमच्या खेड्यांतल्या बैलगाडीच्या चाकाकडे पाहावे. लाकडी चाकावर लोखंडाची धाव बसवताना लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतो. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवतात. तापल्यावर ती प्रसरण पावते आणि चाकावर सहज उतरते. लगेच पाणी ओततात. धाव आकसू लागते. परंतु आत लाकूड असल्यामुळे तिला हवे तेवढे आकसता येत नाही. हे अपुरे राहिलेले आकसणे म्हणजेच ताण. त्या ताणानेच आरे घट्ट धरून राहतात आणि गाडी वर्षानुवर्षे चालते.

वेल्डच्या जोडातही नेमके हेच घडते. वितळलेला धातू थिजताना आकसू पाहतो, पण दोन्ही बाजूंचा थंड धातू त्याला आकसू देत नाही. धावेचा ताण लोहाराला हवा असतो. जोडातला ताण कोणालाच नको असतो. तो मागाहून पडणाऱ्या भारात मिसळतो, एखाद्या बारीक भेगेला उघडत नेतो आणि जोड थकवतो. त्याला अवशिष्ट ताण म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. क्ष-किरणांचे छायाचित्र काढले, तर आतली पोकळी वा भेग दिसते. ताण त्या छायाचित्रातही उमटत नाही.

हा ताण उतरवण्याचा उपाय उष्णतेचाच आहे. आम्ही तो प्रथम पाहिला दीपनगरला. २०१० च्या सुमारास भुसावळ औष्णिक विद्युत केंद्रात ५०० मेगावॉटच्या दोन नव्या संचांचे काम चालू होते आणि खान्देशातली कितीतरी मुले तेथे ठेकेदारांकडे कामाला होती. बाष्पकाच्या जाड नळ्या क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाच्या असतात. जोड लावून झाला की त्याभोवती विजेवर तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळायच्या, वरून भट्टीच्या लोकरीचे आवरण घालायचे, धातूला थर्मोकपलच्या तारा चिकटवायच्या आणि सातशे अंशांपर्यंत वा त्याहूनही वर ठरलेल्या गतीने न्यायचे. तेथे ठरलेला वेळ थांबवायचे आणि ठरलेल्याच गतीने उतरवायचे. पेटीतल्या कागदावर पेनाची रेघ चढत जाई, सपाट होई आणि पुन्हा उतरे. त्या कागदाला चार्ट म्हणत. त्या वेळी आम्हांला वाटे, की खरे काम वेल्डरचे; चार्टपाशी बसलेला माणूस केवळ राखण करतो.

पुढे काही वर्षांनी नोकरीच्या निमित्ताने आम्ही टायटॅनियमकडे आलो आणि हे मत बदलले.

टायटॅनियमची माती आपल्या देशात विपुल आहे. केरळच्या चवरा किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे त्याचे खनिज सापडते आणि तेथेच २०११ मध्ये टायटॅनियमचा स्पंज बनवणारा कारखाना उभा राहिला. त्यापासून मिश्रधातू घडवण्याचे काम हैदराबादची मिश्र धातू निगम ही संस्था करते. सर्वाधिक वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे ज्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते तो; कामगार त्याला नुसते 'सहा-चार' म्हणतात. वजनात पोलादाच्या साठ टक्क्यांहूनही कमी, बळात चांगल्या पोलादाच्या बरोबरीचा आणि समुद्राच्या पाण्यालाही दाद न देणारा. उपग्रहांच्या इंधनटाक्या, विमानांचे भाग आणि मोडलेल्या हाडाला आधार देणाऱ्या पट्ट्या त्याच्याच घडवतात.

असा हा गुणी धातू तापला की मात्र अत्यंत हळवा होतो. सुमारे चारशे अंशांच्या पुढे तो हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू शोषू लागतो. शोषलेला वायू पुन्हा बाहेर काढता येत नाही. धातू कठीण होतो आणि कठीणपणाबरोबर ठिसूळही होतो. म्हणून टायटॅनियमचे वेल्डिंग आर्गॉन वायूच्या पांघरुणाखाली करतात. टॉर्चमधून आर्गॉन, जोडाच्या पाठीमागून आर्गॉन आणि टॉर्चच्या मागे ओढत न्यावयाच्या एका छोट्या पेटीतूनही आर्गॉन, कारण टॉर्च पुढे गेला तरी मागची रेघ बराच वेळ गरम असते. हा धातू उष्णता फार सावकाश वाहून नेतो.

पांघरूण कोठे उसवले, हे धातू स्वतःच रंगातून सांगतो. जोड चांदीसारखा चकचकीत असला तर उत्तम. फिका गवती पिवळा चालतो. निळा वा जांभळा झाला की शंका घ्यावी, आणि राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर तो जोड कापून टाकावा. वेल्डरला आपल्या कामाचा निकाल असा तत्काळ वाचता येतो.

ताणाला मात्र रंग नसतो. रुपेरी, देखण्या जोडातही तो पुरेपूर भरलेला असू शकतो. शिवाय सहा-चारचा वितळलेला भाग झपाट्याने थंड होतो, तेव्हा त्याची आतली रचना सुयांच्या जुडग्यासारखी बनते. ती बळकट असते, पण लवचीक नसते. म्हणून जोड भट्टीत जातो. ताण उतरवण्यासाठी या मिश्रधातूला साधारण ४८० ते ६५० अंश सेल्सियसच्या दरम्यान एक ते चार तास ठेवतात. तापमान कमी घेतले तर वेळ जास्त द्यावा लागतो. रचनाही मऊ आणि स्थिर करावयाची असेल, तर ७०० ते ७९० अंशांपर्यंत जावे लागते. सुमारे ९९५ अंशांना या धातूची स्फटिकरचनाच पालटते. तेथवर चुकूनही गेले तर कण जाड होतात आणि नुसत्या उष्णतेने ते पुन्हा बारीक करता येत नाहीत.

भट्टीत तापमान चढले की धातू किंचित नरमतो. ज्या ताणाला तो थंडपणी दाद देत नव्हता, त्या ताणापुढे आता तो सूक्ष्म प्रमाणात सरकतो, आणि सरकला की ताण उतरतो. म्हणूनच वेळ द्यावा लागतो, आणि म्हणूनच नंतर सावकाश, सर्व बाजूंनी सारखे थंड करावे लागते. नाहीतर एक ताण काढून दुसरा भरल्यासारखे होते. पातळ भाग स्वतःच्याच वजनाने वाकू नये म्हणून त्याला साच्याचा आधारही द्यावा लागतो.

पोलादाच्या नळीला उघड्या हवेत पट्ट्या गुंडाळून हे करता येते. टायटॅनियमला उघड्या हवेत तापवले, तर त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूने भरलेला कठीण, ठिसूळ थर चढतो. तो आम्लाने वा यंत्राने खरवडून काढावा लागतो. यासाठी निर्वात भट्टी वापरतात, किंवा शुद्ध आर्गॉन भरलेली. निर्वात भट्टीचा आणखी एक लाभ असा, की धातूत शिरलेला हायड्रोजन अधिक तापमानाला तेथे बाहेर ओढला जातो. हायड्रोजन हा या धातूचा छुपा वैरी. ओल, तेल, आम्लाची धुलाई यांतून तो येतो. सहा-चारच्या पत्र्यात त्याचे प्रमाण ०.०१५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये अशी मर्यादा असते, कारण ताण आणि हायड्रोजन एकत्र आले, तर आज धडधाकट दिसणारा जोड काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, कोणी हात लावलेला नसताना, तडकू शकतो.

भट्टीत घालण्यापूर्वीची तयारी पाहून नवी मुले हसतात. जोड ॲसिटोनने पुसायचा आणि त्यानंतर त्याला उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही. सुती हातमोजे घालूनच उचलायचा. घामात मीठ असते, मिठात क्लोराइड असते. ताण असलेल्या टायटॅनियमवर बोटाचा ठसा उमटला आणि तो भट्टीत गेला, तर त्या ठशाखालून भेग निघू शकते. खान्देशातल्या वैशाखात वाढलेल्या, पंचेचाळीस अंशांचे ऊन अंगावर घेतलेल्या आमच्यासारख्यांना घामाच्या थेंबाची भीती बाळगायला शिकणे सोपे नव्हते.

पाण्यातले क्लोरीन काय करते याची एक गोष्ट विमानांच्या इतिहासात नोंदलेली आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बरबँक येथे ब्लॅकबर्ड हे टायटॅनियमचे वेगवान विमान तयार होत असे. त्याचे काही वेल्ड केलेले पत्रे चाचणीत लवकर निकामी होत, काही दीर्घकाळ टिकत. धातू तोच, कामगार तेच. प्रत्येक भागाची नोंद तारखेनिशी ठेवलेली होती, म्हणून एक गोष्ट उलगडली: बिघडलेले भाग उन्हाळ्यात बनलेले होते, टिकलेले हिवाळ्यात. उन्हाळ्यात शेवाळ होऊ नये म्हणून शहराच्या पाण्यात क्लोरीन अधिक घालत, आणि त्याच पाण्याने हे पत्रे धुतले जात. पुढे धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरू लागले. तारखा लिहिलेल्या नसत्या, तर हे कोणाच्या ध्यानात आले असते?

दुसरी घटना २० जानेवारी १९६७ ची. सॅक्रामेंटो येथे चंद्रमोहिमेच्या सॅटर्न अग्निबाणाचा वरचा टप्पा चाचणीच्या वेळी स्फोट होऊन नष्ट झाला. हेलियम वायू साठवणारा टायटॅनियमचा एक गोल फुटला होता. तो मिश्रधातूचा होता. त्याच्या जोडात भरलेली तार मात्र शुद्ध टायटॅनियमची होती. दोन्ही तारा डोळ्यांना सारख्याच दिसतात. त्यांच्यातला फरक असतो तो पाकिटावरच्या चिठ्ठीत आणि चिठ्ठी पाहून रजिस्टरात लिहिणाऱ्याच्या हातात.

या दोन गोष्टी आम्ही नव्या मुलांना सांगतो त्या धाक घालण्यासाठी नव्हे. आमच्या कामात खरे काय आणि खोटे काय हे नंतर तपासणे फार अवघड असते, एवढेच त्यांतून कळावे. जोड भट्टीत गेला होता की नाही, गेला तर किती अंशांना आणि किती वेळ, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. त्याचा पुरावा चार्ट. म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी जीव ज्या जोडावर अवलंबून आहे, त्याचा भरवसा शेवटी एका कागदावर आणि तो कागद लिहिणाऱ्यावर येऊन ठेपतो.

आम्ही ज्या एका कारखान्यात ठेक्यावर काम करीत होतो, तेथे हे आमच्या वाट्याला आले. रात्रपाळी होती. भट्टी सहाशे अंशांवर स्थिर होती, दोन तासांपैकी पाऊण तास झाला होता, आणि वीज गेली. बदली यंत्रणा चालू झाली नाही. पंप थांबले, काटे उतरू लागले. वीज परत यायला चाळीस मिनिटे लागली. आम्ही रजिस्टरात दोन्ही वेळा लिहिल्या, तापमान किती उतरले ते लिहिले आणि भट्टी बंदच ठेवली. आमच्यापुढे प्रश्न केवळ बुडालेल्या वेळेचा नव्हता. पंप थांबले असताना गरम धातूपर्यंत हवा पोहोचली होती काय, हा होता.

सकाळी माल न्यायला गाडी येणार होती. पर्यवेक्षक आले, त्यांनी रजिस्टर पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "कालच्या घाण्याचा चार्ट आहे ना? त्याचीच प्रत लावून टाका. रेघ तशीच असते. कोण बघतंय?"

आमच्यापैकी एकजण म्हणाला, "साहेब, वेळ रजिस्टरात लिहून झाली आहे. आता ती खोडता येणार नाही."

"पान बदला."

"पानांना आकडे आहेत, साहेब."

ते काही बोलले नाहीत. माल त्या सकाळी गेला नाही. भट्टीत जोडांबरोबर त्याच धातूचा एक नमुना-तुकडा ठेवण्याची पद्धत असते. तो बाहेर काढला तेव्हा रुपेरी राहिलेला नव्हता, निळसर झाला होता. प्रयोगशाळेत त्याचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पृष्ठभागावर कठीण थर चढलेला आढळला. ग्राहकाच्या तपासनिसाला सारे कळवावे लागले. त्याच्या संमतीने सर्व भागांवरचा तो थर नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांच्या मिश्रणात उतरवला गेला, जाडी पुन्हा मोजली गेली, आणि भट्टीचे चक्र पहिल्यापासून पुन्हा केले गेले. तीन दिवस गेले, पण माल वाचला. महिनाअखेरीस आमचा ठेका पुढे चालू ठेवला गेला नाही. कारण लेखी दिले गेले नाही आणि आम्हीही विचारले नाही. चार महिने घरी बसावे लागले. त्यांपैकी दोन महिने एकाच्या मुलीची शाळेची फी थकली होती, हेही येथे लिहून ठेवतो; कारण खरे लिहिण्याची किंमत पडते, आणि ती घरच्यांनाही मोजावी लागते, हे मुलांपासून लपवणे बरे नव्हे.

"एवढे धाडस कसे केले?" असे पुढे काहींनी विचारले. धाडस हा शब्द आम्हांला मोठा वाटतो. या शाळेच्या वसतिगृहात बाहेर जाण्याची व परतण्याची नोंद प्रत्येक मुलाने स्वतः करावी असा नियम होता. चुकीचे लिहिले गेले, तर खोडरबर वापरायचे नाही. एक सरळ रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचे आणि सही करायची. गुरुजी म्हणत, की खाडाखोड दिसली पाहिजे, ती लपली की वही खोटी होते. उशिरा परतल्याची शिक्षा होई, पण खरी वेळ लिहिणाऱ्याला कमी होई. दहा वर्षे हेच केले होते. कारखान्यातल्या नोंदींचा नियमही अक्षरशः हाच आहे, हे कळले तेव्हा आम्हांला नवे काहीच शिकावे लागले नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थिमित्रांसाठी. आपल्या भागातली पुष्कळ मुले वेल्डर होतात, आणि चांगले वेल्डर होतात. त्यांचा हात स्थिर असतो, कष्टांची सवय असते. परंतु भट्टीच्या पेटीपाशी, तपासणीच्या टेबलापाशी, चार्टवर सही करण्याच्या जागी ती क्वचितच दिसतात. तेथे आलेख वाचावा लागतो, तासाला किती अंश चढले याचा भागाकार करावा लागतो, इंग्रजीतले विनिर्देश समजून घ्यावे लागतात आणि स्वच्छ अक्षरात चार ओळींचा अहवाल लिहावा लागतो. हे सारे आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानात आहे. ज्याला आलेख वाचता येत नाही, त्याच्यापुढे कोणीही कोणताही कागद ठेवू शकतो आणि त्याची सही घेऊ शकतो. म्हणून आलेखाचा धडा परीक्षेत कमी गुणांचा आहे असे समजून सोडू नका.

या कामाची गरज वाढणारच आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची 'मत्स्य-६०००' ही पाणबुडी तीन माणसांना समुद्रात ६,००० मीटर खोल नेण्यासाठी घडवली जात आहे. त्यांच्याभोवती असेल सुमारे सव्वादोन मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल; आणि त्या गोलावर हवेच्या दाबाच्या सुमारे सहाशे पट दाब. गोलाचे भाग इलेक्ट्रॉन शलाकेने जोडण्याचे काम इस्रोने हाती घेतले. आत बसणाऱ्या तिघांना जोड लावणाऱ्याचे नाव ठाऊक नसेल, नोंद लिहिणाऱ्याचेही नसेल. तरीही त्यांचा श्वास त्या दोघांच्या हवाली असेल.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आम्ही एक छोटी पेटी दिली आहे. तिच्यात सहा-चारच्या पाच पट्ट्या आहेत: रुपेरी, गवती, निळी, राखाडी आणि पांढरी भुकटी धरलेली. त्यांशिवाय वेल्ड केलेले दोन पत्रे आहेत. एक भट्टीतून काढलेला, एक भट्टीत न घातलेला. दोन्ही रुपेरी असून शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत. दोन्ही जोडाच्या रेघेवरून उभे कापलेले आहेत. भट्टीतल्या पत्र्याचे अर्धे भाग पुन्हा जुळवले की नीट बसतात. दुसऱ्याचे बसत नाहीत. टोके भिडतात आणि मध्ये फट राहते. ती फट म्हणजे कापताना मोकळा झालेला ताण. विज्ञानाच्या शिक्षकांना विनंती, की मुलांना ती पट्टीने मोजू द्यावी, मोजलेला आकडा वहीत लिहू द्यावा आणि खाली त्यांची सही घ्यावी.